लढाईची रंगीत तालीम



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस ‘इतिहासातला कोणताही विषय घ्या’ असे मोकळे रान दिले, तेव्हा हा मनुष्य गिरण्यांच्या संपाचा नाहीतर कामगार कायद्यांचा इतिहास सांगेल अशीच त्यांची अटकळ असावी. आम्ही मात्र आज निराळीच गोष्ट घेऊन आलो आहोत. रणगाडा फोडणारे क्षेपणास्त्र जवानाला सोडता यावे, पण शिकताना त्याने खरे क्षेपणास्त्र उडवू नये, यासाठी जी सरावयंत्रे निघाली, ज्यांना सारे जग सिम्युलेटर म्हणते, त्यांचा हा इतिहास आहे. युनियनवाल्याला या लष्करी भानगडीत काय कळते, असे कोणी विचारील. कळते एवढेच, की माणसाला यंत्रापुढे उभे करण्याआधी त्याला काय शिकविले, हा प्रश्न विचारण्यात आमची हयात गेली आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात अठरा वर्षांच्या एका पोराला कामावर आल्याच्या तिसऱ्या दिवशी प्रेसवर बसविले. दुपारच्या पाळीत त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. चौकशीत वरिष्ठांनी सांगितले, “सगळे पाहून पाहूनच शिकतात.” त्या दिवसापासून ‘पाहून शिकतात’ हे शब्द ऐकले, की आम्ही सावध होतो. कारखान्यातले यंत्र चुकणाऱ्याची बोटे घेते. रणांगणावर समोरचे यंत्र चुकणाऱ्याची वाट पाहत बसलेले असते.

‘पाण्यात पडले की पोहता येते’ असे आपल्याकडे म्हणतात खरे. पण आपल्या भागातल्या कोणत्या बापाने पोराला नुसते विहिरीत ढकलून दिले आहे? पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून, कमरेला दोर लावून, काठावर दोघे जाणते उभे राहून मगच पोराला पाण्यात सोडतात. पाणी खरे, विहीर खरी, पण बुडण्याची भीती काढून घेतलेली. सरावयंत्राचे सारे तत्त्व त्या भोपळ्यात आहे. ‘तालीम’ या आपल्या शब्दाचे तरी दोन अर्थ का व्हावेत? पैलवान जिथे घुमतो ती तालीम, आणि नाटकवाले प्रयोगाआधी करतात तीही तालीम. आखाड्यातली कुस्ती आणि रंगमंचावरचा प्रयोग या दोन्हींपूर्वी माणसाला चुका करण्याची जागा हवी, एवढेच त्या शब्दाचे म्हणणे आहे.

ही जाण आपल्या परिसरात फार जुनी आहे. उमरग्याच्या पलीकडे कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी. तिथल्या सोमेश्वर राजाने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. मल्लांनी खांबावर करावयाच्या मेहनतीचा जुना उल्लेख त्यात सापडतो असे जाणकार दाखवितात. पुढे पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले. मल्लखांब म्हणजे तरी काय? न चिडणारा, न थकणारा, हात न मोडणारा लाकडी प्रतिस्पर्धी. त्याच्याशी हजार वेळा झोंबावे, हजार वेळा घसरावे, आणि मग जिवंत माणसापुढे उभे राहावे.

तोफेच्या बाबतीत मात्र ही सोय नव्हती. आपल्या परंड्याच्या किल्ल्याचा इतिहास पाहा. १५४९ साली अहमदनगरला, बुऱ्हाण निजामशहाच्या अमदानीत, महंमद रूमी या तुर्की कारागिराने एक प्रचंड पंचधातूची तोफ ओतली. लांबी चौदा फुटांवर, तोंडाचा व्यास सव्वादोन फुटांहून अधिक, वजन पंचावन्न टनांच्या घरात. हीच ती मलिक-ए-मैदान. ती पुष्कळ वर्षे परंड्याच्या किल्ल्यावर होती, आणि १६३२ साली विजापूरला नेली गेली. आजही ती तिथल्या बुरुजावर आहे. बत्ती दिल्यावर आवाजाने कानठळ्या बसू नयेत म्हणून गोलंदाज शेजारच्या पाण्याच्या हौदात बुडी घेई, असे तिथे सांगतात. दंतकथा असो वा नसो, तिच्यात मर्म आहे. जे शस्त्र उडविणे म्हणजेच एक संकट, त्याचा रोज सराव कोण करणार? शस्त्र जितके मोठे आणि महाग, तितका त्याचा चालविणारा कच्चा, हा पेच परंड्याच्या बुरुजावरच उभा राहिला होता.

आता रणगाड्याकडे वळू. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत इंग्रजांनी पहिल्यांदा रणगाडे आणले. खंदकात बसलेल्या शिपायाच्या हातची बंदूक त्या दिवशी निरुपयोगी झाली. दोन वर्षांत जर्मनांनी रणगाड्याचे पोलाद भेदणारी जाड नळीची बंदूक काढली. दुसऱ्या महायुद्धात पुढे पोकळ दारूचा गोळा आला. त्यातल्या दारूला आतून शंकूसारखी पोकळी ठेवून तांब्याचे अस्तर देतात. स्फोट झाला की ते अस्तर धातूच्या बारीक झोताप्रमाणे पुढे धावते आणि पोलादाला भोक पाडते. यामुळे एकटा पायदळी शिपाई खांद्यावरच्या नळीने रणगाडा फोडू शकेल असे झाले. पण त्यासाठी त्याने रणगाडा जवळ येईपर्यंत थांबले पाहिजे, नेम धरला पाहिजे, आणि हात कापू देता कामा नये. एवढे त्याला शिकवायचे कुठे आणि कसे?

न शिकविल्याचा परिणाम आपल्या जिल्ह्याने डोळ्यांनी पाहिला आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे, मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हुकमतीखाली भारतीय फौज सोलापुराकडून निजामी मुलखात शिरली. पहिली झुंज नळदुर्गला झाली. बोरी नदीवरचा पूल शाबूत राहणे हा सगळ्या बेताचा कणा होता. सातव्या ब्रिगेडने तो झपाट्याने ताब्यात घेतला, आणि दुसऱ्या शीख पलटणीने नळदुर्गच्या ठाण्यांवर हल्ला चढविला. त्याच पलटणीचा हवालदार बचित्तर सिंग याने मशीनगनच्या मोर्चावर एकट्याने चाल केली. मांडीत गोळ्या घुसल्या तरी तो सरपटत पुढे गेला, हातबॉम्ब टाकून त्याने तो मोर्चा बंद पाडला, आणि प्राण सोडला. पुढे अशोकचक्र ठरविण्यात आले तेव्हा ते त्याला मरणोत्तर देण्यात आले. पूल हाती येताच रणगाड्यांचा ताफा निघाला. सकाळी नऊला तो जळकोटला होता, दुपारी सव्वातीनला उमरग्याला, म्हणजे सरहद्दीच्या आत ६१ किलोमीटर. दुसरी तुकडी तुळजापुरावर गेली. तिथे निजामी पायदळाने आणि सुमारे दोनशे रझाकारांनी दोन तास तग धरला व शस्त्रे खाली ठेवली.

रझाकारांविषयी आमच्या मनात काही मऊपणा नाही. या जिल्ह्यातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांचे जुलूम सोसले आहेत. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील होता, आणि लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होते. पण कामगाराच्या नजरेने एक गोष्ट पाहावी लागते. रझाकारांची संख्या दोन लाखांपर्यंत सांगतात. त्यांतल्या पाऊण भागाहून कमी नाही एवढ्यांच्या हाती ठासणीच्या बंदुका आणि तलवारी होत्या. कवायत म्हणावी तर मिरवणुकीपुरती. पुढाऱ्याने भाषणात लाल किल्ला जिंकला, आणि रणगाड्यापुढे उभे केले ते गावागावांतले अडाणी पोर. शिकविल्यावाचून माणसाला शस्त्रासमोर उभे करणे हा त्याच्यावरचा पहिला अन्याय होय, मग तो माणूस कोणत्याही बाजूचा असो.

शिकलेल्या माणसाचे उदाहरण १९६५ साली पंजाबात दिसले. चौथ्या ग्रेनेडियर पलटणीचा अब्दुल हमीद हा त्या वेळी कंपनीचा क्वार्टरमास्टर हवालदार, म्हणजे आपल्या भाषेत कोठीघराचा कारभारी. पण त्याआधी तो पाच वर्षे रणगाडाविरोधी तुकडीत होता, आणि १०६ मिलिमीटरच्या धक्काविरहित तोफेवर पलटणीत त्याच्यासारखा नेमबाज नव्हता. म्हणून अडचणीच्या वेळी त्याला कोठीतून उठवून जीपवरच्या तोफेवर बसविले. असल उत्तरच्या शेतांत त्याने पॅटन रणगाडे लागोपाठ फोडले, आणि १० सप्टेंबरला तो पडला. त्याला परमवीरचक्र मिळाले. आपण त्याचे शौर्य गातो ते योग्यच आहे. पण त्या शौर्याच्या मागे पाच वर्षांची मुरलेली तालीम होती, हे कोणी सांगत नाही.

त्या काळी सराव कसा होई? मोठा गोळा महाग, म्हणून तोफेच्या नळीत लहान नळी बसवून साध्या गोळ्या झाडीत. १०६ मिलिमीटरच्या तोफेवर तर नेम पाहण्यासाठी एक बारीक बंदूकच जोडलेली असे. तिची उजेडाची गोळी जिथे लागली तिथेच मोठा गोळा जाणार. गरिबाच्या घरी वहीआधी पाटी देतात, तसाच हा हिशेब होता.

पाटी पुरेनाशी झाली ती क्षेपणास्त्रे आल्यावर. १९५० नंतर फ्रान्सने तारेवर चालणारी रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे बनविली. क्षेपणास्त्र उडाले, की त्याच्या पोटातून कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक तार उलगडत जाते. तिचे दुसरे टोक जवानापाशी. जवानाच्या अंगठ्याखाली एक छोटी दांडी. ती डावीउजवीकडे, वरखाली हलवून त्याने उडत्या क्षेपणास्त्राला वळवीत वळवीत रणगाड्यावर न्यायचे. तीन किलोमीटर जायला वीस-पंचवीस सेकंद लागतात. तेवढा वेळ त्याने एका डोळ्यात दोन गोष्टी धरायच्या: क्षेपणास्त्राच्या शेपटीचा पेटता ठिपका, आणि पळता रणगाडा. दांडी थोडी अधिक दाबली, तर लाखो रुपयांचे क्षेपणास्त्र जमिनीत घुसले म्हणून समजा. आणि त्याच वेळी समोरून त्याच्या रोखाने गोळ्या येत असणार. बंदुकीची गोळी सुटली की शिपायाचे काम संपते. इथे सुटल्यावरच काम सुरू होते.

ही विद्या पाहून येण्याजोगी नव्हे. रशियाने ‘माल्युत्का’ नावाचे असेच क्षेपणास्त्र काढले, त्याला पाश्चात्य लोक ‘सॅगर’ म्हणत. ते नीट चालविता येण्यास माणसाने सुमारे २,३०० वेळा खोटी फेक करावी लागते, आणि हात टिकविण्यास दर आठवड्याला आणखी पन्नास-साठ, असा हिशेब लष्करी लेखक देतात. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी इजिप्तच्या सैन्याने सुएझ कालवा ओलांडला, तेव्हा पायदळातल्या साध्या शिपायांनी याच क्षेपणास्त्रांनी इस्रायलचे रणगाडे अडविले. जग चकित झाले. या शिपायांना खरी क्षेपणास्त्रे शेकड्यांनी उडवायला कोणी दिली नव्हती. त्यांचे हात तयार झाले होते ते सरावयंत्रावर. पुढे इस्रायली रणगाडेवाल्यांनीही उतारा शोधला. क्षेपणास्त्राचा धूर दिसला, की सगळ्यांनी मिळून त्या जागेवर मारा करायचा, म्हणजे दांडी धरणारा दचकतो आणि नेम सुटतो. म्हणजे अखेर लढाई एका अंगठ्याच्या स्थैर्याची झाली.

या यंत्राचा मूळपुरुष मात्र लष्करात जन्मला नाही, कारखान्यात जन्मला, हे सांगताना आम्हांस अभिमान वाटतो. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी पियानो आणि ऑर्गन बनविण्याचा एक कारखाना होता. त्या घरचा एडविन लिंक हा मुलगा हवेच्या भात्यांच्या कामात वाढलेला. त्याला विमान चालवायची हौस, पण शिकण्याचा खर्च परवडेना. १९२९ च्या सुमारास त्याने ऑर्गनचेच भाते लावून जमिनीवर डोलणारे एक खोटे विमान केले. लष्कराने ते हसण्यावारी नेले, आणि ते जत्रेतल्या खेळण्यासारखे विकले गेले. १९३४ साली अमेरिकी सैन्याच्या वैमानिकांवर टपाल नेण्याचे काम अचानक टाकण्यात आले. ढगांत आणि अंधारात यंत्रांवर भिस्त ठेवून उडण्याची त्यांना सवय नव्हती. थोड्याच आठवड्यांत बारा जण मेले. तेव्हा कुठे सरकारने लिंकची यंत्रे विकत घेतली. शिक्षणाच्या प्रत्येक सुधारणेमागे कोणाची तरी प्रेते असतात, हा अनुभव आम्हां कामगारांस नवा नाही. फॅक्टरी ॲक्टाचे एकेक कलम असेच लिहिले गेले आहे.

आपल्या देशात हे शास्त्र कसे आले ते पाहू. १९७० साली हैदराबादला भारत डायनॅमिक्स हा सरकारी कारखाना निघाला. त्याचे पहिले काम फ्रेंच परवान्याने तारेवरचे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र बनविण्याचे. त्यानंतर ‘मिलान’ आणि रशियन बनावटीचे ‘कोंकुर्स’ तिथेच होऊ लागले. ज्या हैदराबादेकडे १९४८ साली आपल्या उमरग्यावरून रणगाडे गेले, त्याच हैदराबादेत पंचवीस वर्षांच्या आत रणगाडा फोडणारी अस्त्रे भारतीय कामगारांच्या हातून तयार होऊ लागली, ही कालगती होय. मिलानमध्ये जवानाला क्षेपणास्त्र वळवावे लागत नाही. दुर्बिणीतली फुली रणगाड्यावर धरून ठेवली, की बाकीचे यंत्र पाहते. ‘नाग’ त्याच्याही पुढचे, एकदा डागले की स्वतःच लक्ष्य गाठणारे.

शिकविण्याची ठिकाणे दोन ध्यानात ठेवावीत. पायदळाची शाळा महूला आहे. सुभेदार रामजी सकपाळ तिथल्या लष्करी शाळेत शिकवीत असताना १८९१ साली बाबासाहेबांचा जन्म झाला, ते हे गाव. दुसरे ठिकाण आपल्या शेजारचे नगर, आता अहिल्यानगर. तिथे रणगाडा दलाचे केंद्र व शाळा १९४८ पासून आहे. १९७९ साली यांत्रिक पायदळाची रेजिमेंट उभी झाली, तिचेही केंद्र तिथेच. एक रणगाडा चालवायला शिकविते, दुसऱ्याच्या गाड्यांवर रणगाडा फोडणारी क्षेपणास्त्रे असतात. विळी आणि तिची धार एकाच गावात. १९७१ साली युद्ध पेटले तेव्हा पुणे हॉर्सचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल नगरलाच तरुण अधिकाऱ्यांच्या शिक्षणवर्गात होता. वर्ग अर्धा सोडून तो आघाडीवर गेला, आणि १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत एकविसाव्या वर्षी पडला. आणि २२ सप्टेंबर २०२० रोजी नगरच्याच के. के. रेंज या माळावर अर्जुन रणगाड्यातून लेसरने नेम धरणारे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र उडवून तीन किलोमीटरवरचे लक्ष्य फोडण्यात आले. त्याच्या बनावटीत पुण्याच्या दोन संशोधनसंस्थांचा हात होता. रूमी कारागिराने जिथे मलिक-ए-मैदान ओतली, तेच हे नगर.

आता पैशाचा हिशेब करू, कारण सरावयंत्राचा खरा जन्मदाता पैसाच आहे. मार्च २०२१ मध्ये सरकारने भारत डायनॅमिक्सशी ४,९६० मिलान क्षेपणास्त्रांचा करार केला. रक्कम १,१८८ कोटी रुपये. भागाकार करा, एकाची किंमत चोवीस लाखांच्या आसपास येते. रोज पाचशे रुपये मिळविणाऱ्या मजुराने वर्षाचे तीनशे दिवस काम केले, तर सोळा वर्षांत त्याच्या घामाचे जेवढे मोल होते, तेवढे एक क्षेपणास्त्र बारा-तेरा सेकंदांत खर्च करते. माल्युत्कासाठी सांगितलेल्या २,३०० फेका या भावाने खऱ्याखुऱ्या केल्या, तर एका जवानाच्या शिक्षणास साडेपाचशे कोटी लागतील! मिलानला इतका सराव लागत नाही हे खरे, पण दहा फेका म्हटल्या तरी जवळजवळ अडीच कोटी झाले.

म्हणून सरावयंत्र. ते असे असते. क्षेपणास्त्र सोडण्याची तिपाई खरी किंवा खऱ्यासारखीच, वजनही तेवढेच. दुर्बिणीत मात्र माळाऐवजी लहानसा पडदा, त्यावर झाडे, टेकाड, धूळ, आणि पळणारा रणगाडा. चाप ओढला की आवाज होतो. मिलान सुटताना तिची नळी मागे फेकली जाते आणि तिपाई एकदम हलकी होते, त्या क्षणी हात उचलला जाऊन नेम हुकतो. म्हणून चांगल्या सरावयंत्रात तेही करून दाखवितात. गुरुजी बाजूला बसून शिष्याच्या दुर्बिणीतले चित्र स्वतःच्या पडद्यावर पाहतात. फुली कुठल्या सेकंदाला कुठे घसरली, याची रेघ उमटून राहते. खऱ्या मैदानावर चुकलेल्या जवानाला ‘चुकलास’ एवढेच सांगता येते. इथे ‘सातव्या सेकंदाला श्वास सोडलास, तिथे चुकलास’ असे सांगता येते. शिक्षण म्हणजे हेच. सिकंदराबादला लष्कराचा सिम्युलेटर विकसित करणारा स्वतंत्र विभाग आहे, हैदराबादेत अशी यंत्रे बनविणारे खाजगी कारखानेही आहेत, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने तिन्ही दलांत सिम्युलेटरचा वापर वाढविण्याचे धोरण जाहीर केले.

पैशाहून मोठा लाभ मात्र दुसराच आहे, आणि तो जमाखर्चात दिसत नाही. गोळीबाराचा माळ म्हणजे कोणाची तरी जमीन. १९३८ च्या कायद्याने सरकारला मैदानी गोळीबारासाठी मुलूख अधिसूचित करता येतो, आणि ठरलेल्या दिवशी गावकऱ्यांना बाजूला व्हावे लागते. के. के. रेंजच्या विस्ताराच्या बातमीने २०२० साली नगर, पारनेर व राहुरी तालुक्यांतल्या शेतकऱ्यांत केवढी घबराट झाली, हे वर्तमानपत्रांनी छापले आहे. दारूगोळा बनविणाऱ्यांची आणि निकामी करणाऱ्यांची गोष्ट त्याहून कठोर. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट होऊन सहा माणसे मेली, त्यांत बहुतेक रोजंदारीचे मजूर. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुधनिर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार गेले. सरावात वाचलेला प्रत्येक गोळा कोणाला तरी बनवावा लागत नाही, वाहावा लागत नाही, आणि जुना झाल्यावर माळावर नेऊन फोडावा लागत नाही. असे यंत्र कामगाराची भाकरी काढून घेईल काय, अशी शंका आमच्यातले काहीजण घेतात. आमचे उत्तर असे, की जी भाकरी स्फोटाच्या तोंडाशी बसून खावी लागते, ती थोडी कमी झाली तरी चालेल. तिच्याऐवजी सरावयंत्रे बनविण्याचे काम मागण्याचा हक्क मात्र आम्ही सोडता कामा नये.

तरीही सरावयंत्राची आरती ओवाळणे आम्हांस मान्य नाही. पडद्यावर भीती नसते. चुकल्यास बटण दाबले की रणगाडा पुन्हा पहिल्या जागी. भोपळा बांधून पोहणाऱ्याने कधीतरी भोपळा सोडला पाहिजे, आणि मल्लखांबावरच्या पोराने कधीतरी मातीत उतरले पाहिजे. रंगीत तालमीत पोशाख असतो, रंग असतो, दिवे असतात, पण समोर प्रेक्षक नसतो. प्रयोगाचा घाम निराळाच. म्हणून थोडी का होईना, खरी फेक जवानाच्या वाट्याला आलीच पाहिजे. सरावयंत्र आहे म्हणून माळ नको, असे म्हणणारा हिशेबनीस, आणि माळ आहे म्हणून सरावयंत्र नको, असे म्हणणारा जुना सुभेदार, दोघेही अर्धवट बोलतात.

आणखी एक गोष्ट आम्हांस बोचते. हात टिकवायला आठवड्याला पन्नास फेका लागत, हे आपण ऐकले. म्हणजे कसब हे साठवून ठेवण्याचे धान्य नव्हे, ते रोज राखायचे निखारे आहेत. २०२२ पासून जवानांची भरती चार वर्षांच्या कराराने होते, आणि त्यांतले पंचवीस टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होतात. आपल्या जिल्ह्यातली पोरे पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात ती याच भरतीसाठी. मुदत थोडी असली की शिकविण्याची घाई होते, आणि घाईत सरावयंत्र हे शिक्षणाचे साधन न राहता शिक्षणाची पळवाट होऊ शकते. चार वर्षांत अंगठा स्थिर झालेला पोर पाचव्या वर्षी चौकात रिकामा बसला, तर नुकसान त्याचे आणि सैन्याचेही. कसब हे कामगाराचे भांडवल आहे, ते ज्याच्यासाठी कमावले त्याने त्याची किंमत ओळखली पाहिजे, हे आमचे तीस वर्षांचे म्हणणे इथेही लागू पडते.

शेवटी पुन्हा १९४८ कडे यावेसे वाटते. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली आणि आपण मोकळे झालो. तो दिवस आपण झेंडा लावून साजरा करतो, करावाच. पण त्यानंतरच्या आठवड्यांत या मुलखात सूडाचे जे सत्र चालले, त्यात निरपराध मुसलमान शेजारी मारले गेले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सबंध संस्थानातील मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला, आणि सर्वांत अधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत आपल्या जिल्ह्याचे नाव लिहिले. हे आम्ही कोणाला लाजविण्यासाठी सांगत नाही. रणगाडे नळदुर्गावरून पुढे गेले, त्यानंतर जे घडले त्याला क्षेपणास्त्र लागले नाही, कुऱ्हाड आणि काडेपेटी पुरली. त्यासाठी कोणी तालीमही केली नव्हती.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. यंत्र नेम शिकविते. सातव्या सेकंदाला श्वास कसा धरावा तेही शिकविते. पण चाप कोणावर ओढायचा आणि कोणावर कधीच ओढायचा नाही, हे दुर्बिणीतल्या पडद्यावर उमटत नाही. ते घरात, शाळेत, तालमीत, युनियनच्या कचेरीत आणि अशा सभांत शिकावे लागते, आणि त्याचा सराव तर आठवड्याला पन्नास वेळांहून अधिक करावा लागतो. आपल्या पोरांना सैन्यात धाडताना, त्यांना नीट शिकविल्यावाचून कोणी पुढे ढकलणार नाही, हे पाहण्याचे काम आपले आहे. आणि नीट शिकून आलेला माणूस गावात परतला, की त्याला शेजारी म्हणून नांदता येईल असे गाव राखणे, हेही काम आपलेच आहे.